फोमचे पॉलिशिंग पॅड लवकर का मरतात आणि ते धुवायचे कसे

तुमचा प्रश्न नीट वाचला, आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवार-रविवार गाड्या पॉलिश करता, पाच इंची प्लेटचं डीए मशीन आहे (ड्युअल अ‍ॅक्शन, पॅड फिरवतं आणि हलवतंही), पॅड तीन आहेत, एक कटिंगचं म्हणजे ओरखडे काढायचं, एक पॉलिशिंगचं, एक फिनिशिंगचं म्हणजे शेवटची चमक आणायचं. काम झालं की पॅड गरम पाण्यात कपड्याची पावडर टाकून रात्रभर भिजत ठेवता, सकाळी पिळता आणि गच्चीवर उन्हात टाकता. आता चार-पाच धुण्यातच कटिंग पॅडची वेल्क्रो सुटायला लागलीये, कडेचा फोम हाताला लागला तरी गळतोय, आणि काळ्या गाडीवर फिनिशिंग मारूनसुद्धा उन्हात धुरकट दिसतंय. तर पॅड क्लीनर कुठलं चांगलं, असा प्रश्न आहे.

क्लीनरचं सांगतोच, पण तुमचा खरा घोळ क्लीनरचा नाहीये. पॅड स्वच्छ ठेवायचं काम गाडीवर मशीन चालू असतानाच करायचं असतं आणि ते तुम्ही रात्रीच्या बादलीवर ढकललंय. दिवसभर तीनच पॅडवर अख्खी गाडी मारायची, त्यात कंपाउंड, म्हणजे पेंट घासायची पेस्ट, थर थर बसून वाळू द्यायचं, आणि मग ते काढायला गरम पाणी, पावडर, रात्रभर भिजवणं असे जालीम उपाय करायचे, त्याच उपायांनी पॅड मरतंय. म्हणजे धुरकटपणा आणि सुटलेली वेल्क्रो या दोन वेगळ्या तक्रारी दिसत असल्या तरी मूळ एकच आहे.

पॅडच्या आत काय होतं ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप पटेल. फोम म्हणजे पॉलियुरेथेन, त्यात बारीक बारीक भोकं, बरीचशी एकमेकांना जोडलेली. दीड-दोन फुटाच्या चौकोनावर एक सेट, म्हणजे मशीनचे काही पास, मारला की या भोकांत तीन गोष्टी शिरतात. एक तर कंपाउंडमधले घासणारे कण, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. दुसरं कंपाउंडमधलं तेल आणि पाणी. आणि तिसरं, जे लोक विसरतात, गाडीवरून निघालेला क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा भुगा. पहिल्या सेटला हे सगळं वरच्या थरातच असतं, ओलं असतं, ब्रश मारला की उडून जातं. तसंच पुढे मारत राहिलात की आत आत दाबलं जातं, भोकं बुजतात, वर राखाडी चकचकीत साय धरल्यासारखा थर येतो. त्यानंतर तुम्ही नवीन कंपाउंड घातलं तरी ते त्या थरावर नुसतं घसरतं. तुडुंब भिजलेलं पोतेरं फरशीवर फिरवलं की फरशी पुसली जात नाही, घाण पसरते, तसं. कट, म्हणजे घासण्याची ताकद, कमी झाला असं वाटतं म्हणून माणूस दाब वाढवतो, स्पीड वाढवतो, अजून दोन पास मारतो, आणि तिथूनच उष्णता सुरू होते.

ही उष्णता नेमकी कुठे होते ते महत्त्वाचं आहे. गाडीचा पत्रा तापतोच, पण डीएमध्ये पॅड सतत आतल्या आत हलतं, दबतं, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतो तो पॅडचा मधला भाग, प्लेटच्या लगेच खाली, म्हणजे जिथे फोमला वेल्क्रो चिकटवलेली असते तिथेच. बऱ्याच डीए पॅडला मधे भोक देतात ते यासाठीच. आता पॅड भरून जड झालेलं, ओलं, त्यावर तुमचा दाब, मग तो गोंद मऊ पडणार नाही तर काय. तो दिवसा मऊ पडतो आणि रात्री तुम्ही त्याला गरम पाण्यात ठेवता. वेल्क्रो सुटली यात पॅडच्या कंपनीचा दोष असेलच असं नाही. अर्थात अगदी स्वस्त पॅडला गोंदच कच्चा असतो हेही खरं, तुमचं कुठलं आहे ते लिहिलं नाहीत, त्यामुळे तेवढी शक्यता मी सोडून ठेवतो.

आता गाडीवर असताना काय करायचं ते. मी प्रत्येक चौकोन झाला की पॅड साफ करतो, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, त्याला अर्धा मिनिट लागत नाही. तीन पद्धती आहेत आणि कुठली वापरायची ते तुमच्याकडे काय आहे त्यावर. सगळ्यात साधी म्हणजे नायलॉनचा ब्रश, मध्यम कडक, पॅडसाठी म्हणून मिळतो तो किंवा नखं घासायचा मिळतो तसलासुद्धा चालतो. मशीन सगळ्यात कमी स्पीडला ठेवून ब्रश पॅडवर हलका टेकवायचा, मधून कडेकडे न्यायचा. तारेचा ब्रश नको, स्क्रूड्रायव्हरने खरवडणं तर अजिबातच नको, त्याने फोम खरवडला जातो आणि तिथूनच कडेचे तुकडे पडायला लागतात.

दुसरी पद्धत जाड सुती टॉवेलची. टॉवेलची चार पदरी घडी करून तळहातावर घ्यायची, मशीन कमी स्पीडला, आणि पॅड त्यात दाबायचं. ब्रशने भुगा निघतो पण तेल निघत नाही, टॉवेल ते जास्तीचं तेल-पाणी शोषून घेतो, म्हणून तेलकट कंपाउंड असेल तर मी आधी ब्रश आणि मग टॉवेल असं दोन्ही करतो. हे डीएवरच करा. रोटरीवर, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनवर, टॉवेल कधीच धरू नका, टोक अडकलं तर टॉवेलसकट मनगट ओढलं जाईल.

तिसरी म्हणजे हवा, आणि ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे त्याने बाकी काही करायची गरज नाही. ब्लो गन पॅडपासून वीतभर लांब, तिरकी धरायची, पॅड मशीनवरच असू द्यायचं, हवेने ते आपोआप फिरतं आणि आतपर्यंतचा भुगा बाहेर येतो, फोम परत मोकळा, कोरडा. अगदी चिकटून सरळ हवा मारली तर फोम फाटतो. दोन गोष्टी सांभाळा. मास्क आणि चष्मा लावा, ती पांढरी धूळ म्हणजे बारीक अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणि पेंट आहे, फुफ्फुसात जायची वस्तू नाही. आणि कॉम्प्रेसरच्या लाइनला पाणी-तेल अडवणारा फिल्टर असलाच पाहिजे, नाहीतर कॉम्प्रेसरचं तेल सरळ पॅडमध्ये जातं आणि मग काळ्या पॅनलवर का रेघा येतायत ते शोधत बसाल. तुम्ही सोसायटीत काम करता, कॉम्प्रेसरच्या आवाजावरून कटकटी होतील, तेव्हा तुमच्यासाठी ब्रश आणि टॉवेलच बरा. आणि हे सगळं गाडीपासून दोन पावलं लांब जाऊन करा, उडालेला भुगा पुढच्या पॅनलवर बसू देऊ नका.

हे एवढं करूनही पॅड एका मर्यादेनंतर भरतंच. ते कसं ओळखायचं, तर हाताने. मशीन थांबवा, पॅडवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर ते पॅड लगेच काढायचं. मग चिमटीत धरून दाबा, चांगलं पॅड सोडलं की लगेच मूळ आकारात येतं, भरलेलं पॅड हळूहळू येतं, लगद्यासारखं लागतं. कंपाउंडची धूळ अचानक जास्त उडायला लागली किंवा पॅनलवर गोळे धरून चिकटायला लागलं, तरीही तेच. अशा वेळी पॅड बदलायचं, त्याच पॅडला अजून रेटायचं नाही.

आणि इथेच तुमचं तीन पॅडचं गणित चुकतंय. एका साध्या हॅचबॅकला मी कटिंगची कमीत कमी तीन-चार पॅड काढून ठेवतो, पॉलिशिंगची दोन-तीन, फिनिशिंगची दोन. सेडान किंवा एसयूव्ही असेल तर अजून. जास्त वाटतील, पण एकाच वेळी सगळी खराब होत नाहीत, आलटून पालटून वापरली की प्रत्येकाला थंड व्हायला वेळ मिळतो आणि एकेक पॅड कितीतरी जास्त गाड्या टिकतं. क्लीनरवर पैसे घालण्याआधी अजून दोन कटिंग पॅड घ्या असं मी म्हणेन, त्याने जास्त फरक पडेल.

पॅडच्या रंगाचं मधेच एक सांगून टाकतो. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला पांढरा किंवा राखाडी भुगा लागतो, गाडीचा रंग लागत नाही. लाल गाडीवर पॅड लाल व्हायला लागलं तर हात तिथेच थांबवा. एक तर त्या पॅनलला क्लिअर कोट नाहीच, जुन्या सॉलिड रंगाच्या गाड्यांना किंवा कुठेतरी स्वस्तात रंगवलेल्या दरवाजाला असं असतं आणि तिथे पॅड रंगणारच, काळजी नाही. नाहीतर क्लिअर कोट संपून तुम्ही खालच्या रंगावर पोचलायत. कंपनीचा अख्खा पेंट साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो, त्यातला क्लिअर कोट साधारण ४० च्या आसपास, म्हणजे खेळायला जागा फार थोडी आहे. पॅड भरलंय म्हणून चार पास जास्त मारणं हे म्हणून परवडत नाही, ते जास्तीचे पास त्या ४० मधूनच वजा होतात आणि गिऱ्हाइकाला ते परत मिळत नाहीत.

आता धुण्याकडे येतो. पहिला नियम, कंपाउंड पॅडमध्ये वाळू द्यायचं नाही. मी शेजारी एक झाकणाची बादली ठेवतो, त्यात पाणी आणि थोडं एपीसी (ऑल पर्पज क्लीनर), साधारण दहाला एक. पॅड कामातून उतरलं की ब्रश मारून सरळ त्यात. ते तिथे तास-दोन तास राहिलं तरी बिघडत नाही, पण रात्रभर नाही. बादली नसेल किंवा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करत असाल तर पॅडवर क्लीनरचे दोन-तीन फवारे मारायचे आणि झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करायचं, संध्याकाळी घरी येईपर्यंत ते ओलंच राहतं आणि मग नुसत्या बोटांनी साफ होतं. ही पिशवीची सवय लावून घेतलीत तर धुण्याचे निम्मे कष्ट तिथेच वाचतील.

धुताना पाणी साधं किंवा कोमट, हाताला सुखद लागेल इतपतच. पॅडवर क्लीनर फवारायचं, अंगठ्यांनी मधून कडेकडे चोळायचं, तीन-चार मिनिटं तसंच ठेवायचं, मग नळाखाली धरून दोन्ही तळहातांच्या मधे सपाट दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. पिळायचं नाही. कपडा पिळतो तसा पीळ दिला की फोम आतून फाटतो, आणि वेल्क्रो-फोमच्या जोडावर तर सगळा ताण तिथेच येतो. तुमच्या पॅडच्या कडा गळतायत त्यात या पिळण्याचा वाटा नक्की आहे. पाणी स्वच्छ आलं की झालं असं लोक समजतात, पण पाण्यावर विश्वास ठेवू नका, पांढऱ्या टॉवेलवर ठेवा. धुतलेलं ओलं पॅड पांढऱ्या सुती टॉवेलवर फोमच्या बाजूने ठेवून तळहाताने जोरात दाबायचं आणि उचलून डाग बघायचा. राखाडी गोल उमटला तर आत अजून कंपाउंड आणि भुगा आहे, परत धुवा. डाग नाही पण ओल्या गोलाच्या बाहेर पिवळट तेलकट कडा पसरतेय, तर तेल राहिलंय, त्याला नुसतं पाणी पुरणार नाही, परत क्लीनर लागेल. दाबल्यावर बारीक फेस आला तर साबण राहिलाय, अजून खळबळा. नुसतं पाणी उमटलं की मग ते पॅड धुतलं गेलं. साबण राहिलेलं पॅड लोक फार हलक्यात घेतात, तो पुढच्या गाडीवर कंपाउंडमध्ये मिसळतो, कंपाउंडचं तेल तुटतं आणि ते लवकर वाळून चिकटायला लागतं.

आता क्लीनर. ते तुम्ही कशाने पॉलिश करता त्यावर आहे. पाण्यावर आधारित कंपाउंड असेल आणि ते ओलं असतानाच धुवत असाल तर भांडी घासायचं साधं लिक्विडसुद्धा चालतं, फक्त थोडंसं घ्या आणि भरपूर खळबळा. तेलाचं प्रमाण जास्त असलेलं कंपाउंड, वॅक्स, सीलंट यांना एपीसी किंवा संत्र्याच्या तेलाचं सिट्रस डीग्रीझर लागतं. पॅड क्लीनर म्हणून जे विकतात तेही चांगलं असतं, फेस कमी होतो आणि लवकर धुतलं जातं, रोज दोन-दोन गाड्या असतील तर घ्या. तुमच्यासारखं आठवड्याला एक-दोन गाड्या असतील तर एपीसीत भागतं, ते बाकीच्या कामालाही लागतंच. थिनर, पेट्रोल, रॉकेल हे पॅडच्या जवळसुद्धा नको, फोम फुगतो आणि गोंद विरघळतो. ब्लीच नको. कपडे मऊ करायचं कंडिशनर नको, त्याचा थर फोमवर बसतो.

कपड्याची पावडर का नको ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे आपल्याकडे सगळेच करतात. पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, आणि बरेच न विरघळलेले कण. पॅडच्या बारीक भोकात गेलेले कण बाहेर येत नाहीत. त्यात पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर अजून वाईट. दख्खनच्या दगडातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम असतं, आणि सोडा आणि कॅल्शियम एकत्र आले की पांढरा चुनखडीसारखा साका तयार होतो. हा साका पाण्यात विरघळत नाही, तो फोममध्येच बसतो. पॅड वाळल्यावर कडक लागतं, बोटाने घासलं की पांढरी भुकटी हाताला येते, आणि हीच भुकटी तुम्ही फिनिशिंगच्या वेळी काळ्या पेंटवर फिरवता. तुमच्या धुरकटपणात हे कारण असण्याची मला दाट शंका आहे, पण सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं का बोअरचं ते तुम्ही लिहिलं नाहीत. साधी ओळख म्हणजे बाथरूमच्या नळांवर पांढरे डाग धरत असतील तर पाणी जड आहे असं धरून चाला.

जड पाणी असेल तर धुणं त्याच पाण्यात करा, काही हरकत नाही, पण शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्यात करा, पॅडला अर्धा लिटर पुरतं. आरओ मशीन जे टाकाऊ पाणी सोडतं ते घेऊ नका, ते तर मूळ पाण्यापेक्षा जास्त जड असतं, सगळे क्षार त्यातच साठतात. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी धरलं तर उत्तमच, पहिला अर्धा तास पाऊस वाया जाऊ द्या म्हणजे पत्र्यावरची धूळ निघून जाईल. आधीच कडक झालेलं पॅड असेल तर एक मग पाण्यात तीन-चार चमचे पांढरं व्हिनेगर टाकून दहा मिनिटं बुडवा, चुन्याचा साका त्याने सुटतो, मग साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा.

वाळलेलं, दगड झालेलं कंपाउंड असेल तर भिजवावं लागतं हे मान्य, पण कोमट पाणी आणि एपीसी, वीस-तीस मिनिटं. तेवढ्यात नाही सुटलं तर ब्रशने वरचं काढून परत वीस मिनिटं. पॉलियुरेथेनला लांबवर गरम, सोडा घातलेल्या पाण्यात ठेवणं मानवत नाही, ते हळूहळू आतून तुटत जातं, आधी कडा आणि मग सगळंच. दमट जागेत वर्षानुवर्षं ठेवलेलं न वापरलेलं पॅडसुद्धा एक दिवस हातात घेतल्यावर भुगा होतं ते याच कारणाने, कोकणात आणि मुंबईकडे हे जास्त बघायला मिळतं. म्हणून एकदम घाऊक पॅड घेऊन साठवू नका, वर्षभर लागतील तेवढीच घ्या.

वाळवणं. आधी तळहातात दाबून शक्य तेवढं पाणी काढा, मग कोरड्या टॉवेलमध्ये दाबा, आणि उरलेलं मशीनवर फिरवून काढा. फिरवायची रीत अशी की मशीन पॅड खाली करून रिकाम्या बादलीच्या आत काठाच्या खाली घ्यायचं आणि मगच बटण दाबायचं, कमीत कमी स्पीडला, दहा-पंधरा सेकंद. उलटं केलं तर सगळं पाणी तुमच्या तोंडावर आणि भिंतीवर, आणि त्याहून वाईट म्हणजे मशीनच्या मोटारीत. निथळणारं ओलं पॅड सरळ मशीनवर लावू नका, विजेचं काम आहे, हात कोरडे, पायात चप्पल, आणि लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असलेला बरा.

मग पॅड फोम खाली आणि वेल्क्रो वर असं जाळीवर ठेवायचं. का, तर पाणी खाली उतरतं, आणि वेल्क्रो खाली ठेवलीत तर ते सगळं गोंदाच्या थरात येऊन बसतं. जाळी नसेल तर भाजीचं प्लास्टिकचं क्रेट उलटं करा, चारी बाजूंनी हवा लागते. सावलीत, पंख्याखाली. ऊन नको, उन्हातल्या अतिनील किरणांनी फोम पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, तुमच्या गच्चीचं तेवढं बंद करा. हेअर ड्रायर, हीट गनही नको. सोलापूरला, म्हणजे आमच्याकडे, एप्रिल-मेमध्ये सावलीत रात्रीत वाळतात, तुमच्याकडे जुलै-ऑगस्टला दोन दिवससुद्धा लागतील, तिथे तुम्हाला जास्तीच्या पॅडची गरज अजून जाणवेल. वरून कोरडं लागतं म्हणून फसू नका, मधे अंगठा खोल दाबून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. ओलं पॅड डब्यात बंद केलं की कुबट वास येतो, बुरशी धरते, आणि ओलं पॅड मशीनवर लावलं की कंपाउंड पातळ होऊन कट मिळत नाही. पूर्ण वाळल्यावर एकदा कोरडा ब्रश मारून झिप पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव.

नाव लिहायचं ते नुसतं कटिंग-फिनिशिंग नाही, कुठल्या कंपाउंडचं तेही लिहा. कटिंगला वापरलेलं पॅड कितीही धुतलं तरी ते परत फिनिशिंगला घ्यायचं नाही. एखादा मोठा कण आत अडकून राहिला तर काळ्या गाडीवर तो एकटा पुरेसा आहे, गोल गोल शेपटीसारखे ओरखडे काढून ठेवतो. पॅडच्या रंगावरूनही जाऊ नका, रंगाचा कुठलाही सगळ्यांना लागू नियम नाहीये. लेक कंट्रीचं पिवळं पॅड कटिंगचं आहे आणि रूपेसचं पिवळं फाइनचं, म्हणजे दोन कंपन्यांची पिवळी पॅड एका डब्यात पडली आणि नाव नसेल तर काम संपलंच. सिरॅमिक कोटिंग लावायला वापरलेला स्पंज किंवा कापड मात्र धुवायच्या भानगडीत पडू नका, ते आत काचेसारखं कडक होतं, कशानेही निघत नाही, एका वापरानंतर फेकायचं.

मायक्रोफायबरचं पॅड असेल तर थोडं वेगळं. त्याचे धागे चिकटून बसतात म्हणून प्रत्येक चौकोनानंतर ब्रश किंवा हवा मारावीच लागते, फोमला एखाद वेळ चुकवली तर चालून जातं, त्याला नाही. लोकरीच्या पॅडचं तर तंत्रच निराळं आहे, ते कधी विचारलंत तर सांगेन.

काळ्या गाडीच्या धुरकटपणाचं कारण पॅडच आहे का हे पैसे घालण्याआधी तपासून घ्या. त्या गाडीच्या डिकीवर एक फूट चौकोन टेपने आखा, नवं कोरं फिनिशिंग पॅड घ्या, ब्रश मारून सुटे फोमचे कण काढा, तुमचंच नेहमीचं फिनिशिंग पॉलिश मटारच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब, आणि नेहमीच्याच स्पीडने, मशीनच्या वजनापुरत्या दाबाने मारा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात साधारण दहाला एक करून पुसा म्हणजे तेलाने झाकलेलं उघडं पडेल, आणि टॉर्च तिरकी धरून बघा, जमलं तर बाहेर उन्हातही. चौकोन काळाभोर स्वच्छ आला तर दोष जुन्या पॅडचाच आहे, पॉलिशचा किंवा तुमच्या हाताचा नाही. नव्या पॅडनेही धुरकट आलं तर पॅड सोडा, मग तुमचं पॉलिश त्या पेंटला जुळत नाहीये किंवा कटिंगचे ओरखडे पॉलिशिंगच्या टप्प्यात पूर्ण निघालेलेच नाहीत, तो वेगळा विषय आहे. मेमध्ये तापलेल्या पत्र्यावर काम करत असाल तरीही असं होतं, कंपाउंड लागता लागता वाळतं, पॅनल हाताला गार लागेल तेव्हाच मारा, सकाळी लवकर सुरू केलंत तर बरं.

तुमच्या तीन पॅडचं काय करायचं. कटिंगचं गेलं, वेल्क्रो सुटायला लागलेलं पॅड फेव्हिक्विकने चिकटवून परत मशीनवर लावू नका, चालू मशीनवर सुटलं तर प्लेट सरळ पेंटवर बसते. ते टायरला ड्रेसिंग लावायला हाताने वापरा. पॉलिशिंगचं वर सांगितलं तसं व्हिनेगरच्या पाण्यातून काढून टॉवेलवर दाबून बघा, डाग येत नसेल आणि दाबल्यावर लगेच उठत असेल तर अजून चालेल. फिनिशिंगचं मी तुमच्या जागी असतो तर काळ्या आणि गडद गाड्यांवरून आजच बाद केलं असतं, पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला टॉवेलच्या परीक्षेत पास झालं तर घ्या. जमिनीवर पडलेलं असेल तर मात्र तेही नाही, पार्किंगमधला वाळूचा एक खडा पुरतो.

डिकीवरचा चौकोन करून बघितलात की दोन फोटो टाका, एक टॉर्चखाली, एक उन्हात, आणि पाणी कुठलं येतं आणि कंपाउंड कुठलं वापरता तेही लिहा, मग क्लीनर घ्यायचंच असेल तर कुठल्या प्रकारचं ते नक्की सांगता येईल.